पोट उडतंय का, बघा



गेल्या महिन्यात श्रीरामपूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. दोन कागद, पाठपोट लिहिलेले. बाळ सात महिन्यांचं. मंगळवारी नाक वाहायला लागलं, बुधवारी खोकला, गुरुवारी दूध ओढेना. सासूबाई म्हणाल्या, "दात येतायत, होतं असं." मिस्टर म्हणाले, "संध्याकाळी दुकान बंद करून आलो की नेऊ." संध्याकाळी नेमके पाहुणे आले. त्यांची जेवणं झाली, पानं झाली. रात्री अकराला बाळ दवाखान्यात, नाकाशी प्राणवायूची नळी. सहा दिवसांनी ते घरी आलं, आता छान खेळतंय. पण पत्राचा शेवट वाचताना माझ्या हातातला चहा गार झाला. ती लिहिते, "डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, आई ना तुम्ही? इतका उशीर का केलात? घरातलं कुणी काही बोललं नाही. ताई, माझं काय चुकलं?"

तिला मी लगेच कार्ड टाकलं की तुझं एकटीचं काहीही चुकलेलं नाही. त्या घरात बाळ सोडून पाच माणसं आहेत. पाच जणांचे दहा डोळे. त्यातल्या एकानेही बाळाचं झबलं वर करून छातीकडे पाहिलं नाही, कारण तिथे पाहायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि कुणी पाहिलं असतं तरी "चला, आत्ता निघू" असं म्हणायचं कुणी, हे त्या घरात ठरलेलं नव्हतं. आपल्यापैकी किती घरांत ठरलेलं असतं? आज या दोनच गोष्टींवर लिहायचं आहे. म्हणून एक विनंती. हे पान एकटीने वाचून उशाखाली ठेवू नका. दुपारी सासूबाईंना वाचून दाखवा, रात्री मिस्टरांच्या ताटाजवळ ठेवा.

मला हे कुणी शिकवलं ते आधी सांगते. साल १९८६, जानेवारी महिना. आम्ही तेव्हा नगरला माळीवाड्यात, एका जुन्या वाड्यात राहत होतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून नगरच म्हणते.) दोन खोल्या, चौकात सामाईक मोरी, आणि मोरीशेजारी पहाटे पाचपासून धुमसणारा बंब. माझा धाकटा नऊ महिन्यांचा होता. त्याला सर्दी झाली. सासूबाईंनी जे जे माहीत होतं ते सगळं मायेने केलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, छातीला तेल चोळलं, खिडकी लावून घेऊन खोलीत धुरी केली. हे पुण्याला दौऱ्यावर गेलेले. तिसऱ्या दिवशी पोर रडेनासं झालं, नुसतं कण्हायचं. मला वाटलं, चला, रडं थांबलं, उतार पडतोय.

दुपारी भांडी घासायला मावशी आल्या. त्या मूळच्या जामखेडकडच्या. हात पदराला पुसले, पाळण्याशी गेल्या, पोराचं झबलं वर केलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, पोट उडतंय पोराचं. हितं बरगडीखाली खड्डा पडतोय बघा. आन् ती धुरी आधी भाईर काढा."

सासूबाईंना राग आला. "तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

"डाक्टर न्हाई, आक्का. पन माझी जाऊ गावात आरोग्याचं काम करती. तिनं दावलंय आमाला."

घरात टेलिफोन नव्हता. पैसे यांच्या कपाटात, किल्ली यांच्या खिशात, खिसा पुण्यात. डाळीच्या डब्यात माझे लपवलेले अकरा रुपये होते. मी म्हटलं, "हे उद्या सकाळी येतील, तोवर..." तेवढ्यात सासूबाईंनीच पाळण्यातून पोर उचललं, कनवटीचे पैसे चाचपले आणि म्हणाल्या, "त्याची वाट बघायची नाही. चल." आम्ही तिघी टांग्याने दवाखान्यात गेलो. न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली असतीत तर कठीण होतं. ते पोर आता चाळिशीला आलंय, आणि खोकला त्याला फक्त काम सांगितलं की येतो.

त्या दिवशी मावशींनी ओळखलं हे खरं. पण ओळखून दाराशी अडलं असतं तर काय उपयोग होता? दार सासूबाईंनी उघडलं. हे मी त्यांना त्या असताना सांगितलं नाही, त्याची आता रुखरुख वाटते.

मावशींची ती जाऊ म्हणजे जामखेडच्या प्रकल्पातली आरोग्य कार्यकर्ती. हा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यातला. परदेशातले डॉक्टर तो पाहायला येतात, आणि नगरमधल्या कितीतरी बायकांना त्याचं नावही माहीत नसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलं आणि १९७० साली जामखेडला आलं. कायमचा दुष्काळी मुलूख. दवाखाना काढला तर बरं झालेलं मूल महिन्याभरात त्याच आजाराने परत येई, कारण घर तेच, पाणी तेच, धूर तोच. शिकलेल्या नर्सबाई गावात राहायला तयार होत नसत, आणि राहिल्या तरी गावाला परक्या वाटत. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. या बायका बहुतेक निरक्षर होत्या. कुणी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, शिकायचं, आणि गावात जाऊन तेच दहा घरी सांगायचं. १९७१ च्या सुमाराला त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात असत. वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. अर्थात ते काही फक्त छातीच्या आजारावरच्या कामाने झालं नाही. जुलाब, धनुर्वात, बाळंतपण, पिण्याचं पाणी अशा सगळ्या आघाड्यांवर त्या बायका राबल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम अजून चालू आहे.

मला या कामातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. ही कार्यकर्ती नुसत्या आईला गाठून शिकवत नसे. पुरुषांची शेतकरी मंडळं, बायकांची महिला मंडळं, सगळीकडे तोच विषय. कारण खेड्यात काय नि आपल्या गल्लीत काय, सुनेला एकटीला शहाणं करून भागत नाही. ती शहाणी होते आणि उंबऱ्याच्या आत गप्प बसते.

जामखेडने दाखवलं की अक्षर न येणारी बाईही आजार ओळखू शकते. बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचं नेमकं काम मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० नंतरच्या दशकात तिथल्या दाया आणि गावातल्या आरोग्यसेवकांना हे शिकवलं. अडचण अशी की दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. एवढंच. ज्या गावांत हे काम झालं तिथे वर्षभरानंतर पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, आणि जिथे झालं नाही त्या गावांत १७.५. हे सगळं १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दहापर्यंतच मोजता येणाऱ्या बायकांनी हे केलं, तर मनगटी घड्याळ आणि मोबाइल असलेल्या आपल्या घरांना काय कठीण आहे?

तर आता नीट लक्ष देऊन वाचा.

बाळ शांत असताना मोजायचं. झोपलेलं असेल तर फारच छान. रडताना, अंगावर पिताना मोजलेला श्वास खरा नव्हे. झबलं वर करा, उजेड पुरेसा घ्या. छाती-पोट वर येऊन खाली गेलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची हुशारी इथे नको, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, भराभर चार घेतं आणि क्षणभर थांबतं. एकाने घड्याळाकडे बघायचं, दुसऱ्याने पोटाकडे. म्हणजे हे काम मुळातच दोघांचं आहे. आजी-आजोबांनी करा, बाबा आणि ताईने करा. दुसरी-तिसरीतल्या ताईला तर हे फार आवडतं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले, तर थेट दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत, ४० किंवा जास्त. हे तीन आकडे पाळण्याच्या वरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. जलद श्वास म्हणजे दर वेळी न्यूमोनियाच असतो असं नाही, बाळदम्यानेही श्वास वाढतो, तापानेही थोडा वाढतो. ते डॉक्टर ठरवतील. आपलं काम फक्त त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचायचं.

आणि मावशींनी पाहिला तो खड्डा. तान्ह्या बाळाचं पोट तसं नेहमीच हलतं, त्याला भिऊ नका. पण श्वास आत घेताना बरगड्यांचा खालचा भाग आत ओढला जाऊन तिथे खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, तर मोजत बसू नका, निघा. बाळ पिणं सोडतं, घेतलेलं सगळं ओकतं, झटके येतात, उठवलं तरी डोळे नीट उघडत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा शांत असतानाही श्वास घेताना घर्र आवाज येतो, यांतलं एकही दिसलं तर रात्र असो, अमावस्या असो, पाहुणे असोत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येईलच असंही नाही. उलट अंग गार पडतं. तेही तितकंच वाईट. करोनाच्या वेळी बोटाला लावायचं ते यंत्र आणलेलं असेल, त्यावर भिस्त ठेवू नका. मोठ्यांचं यंत्र बाळाच्या बोटाला नीट बसत नाही, आणि आकडा बरा दिसला की घर निर्धास्त होतं.

आता "चला" कोण म्हणणार?

आमच्या घरी १९८६ नंतर एक नियम झाला, तो तुम्हीही करून बघा. बाळ ज्याच्याजवळ असेल त्याला खूण दिसली, की त्याने निघायचं. परवानगी नाही, सल्लामसलत नाही. निरोप मागाहून. आजोबांजवळ असेल तर आजोबांनी, सुनेजवळ असेल तर सुनेने. त्यासाठी देवघराच्या फळीवर एका डब्यात पैसे ठेवायचे, आणि त्या डब्यातून भिशी द्यायची नाही, गॅसचं सिलिंडर घ्यायचं नाही. डब्यावर चिठ्ठी लावायची, त्यावर डॉक्टरांचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८. ही सेवा फुकट आहे. भर दिवसा आपल्या वस्तीतल्या आशाताईंनाही हाक मारता येते. नव्या बाळाच्या घरी त्या ठरलेल्या दिवशी येतात. त्यांना बाहेरच्या बाहेर "सगळं बरं आहे" म्हणून वाटेला लावू नका, पाळण्यापर्यंत येऊ द्या.

हा नियम घरात मांडायचा कसा, असं तुम्ही विचाराल. सुनेने मांडला तर उद्धटपणा दिसतो, हे मला कळतं. मग सासूबाईंच्या तोंडून येऊ द्या. त्यांना म्हणा, "तुम्ही मोजा, माझी नजर चुकते." ज्यांनी चार-पाच लेकरं वाढवलीत, त्यांच्या अनुभवाला हातात घड्याळ मिळालं की त्या आपल्यापेक्षा चांगलं मोजतात. त्यांच्यापैकी कितीजणींनी एखादं लेकरू "डबा झाला" म्हणून गमावलेलं असतं, ते त्या बोलत नाहीत. पोटावर बिब्बा घालणं, चटके देणं हे त्या काळी उपाय म्हणून झालं. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, बाळ भाजतं आणि वेळ जातो. पण हे त्यांना दोष देऊन सांगू नका.

धुराबद्दल बोलायलाच हवं. शहरात चूल गेली, पण धूर कुठे गेला? मागच्या दारी बंब आहे. त्यात लाकडं, करवंट्या आणि अलीकडे तर प्लॅस्टिकच्या पिशव्याही जातात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आहे, गोवरीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकलेली धुरी आहे. संध्याकाळी डासांची अगरबत्ती, देवापुढे धूप, शेजारी मिश्री भाजली जातेय, आणि गॅलरीत आजोबांची बिडी. त्या इवल्या छातीला एवढं सगळं. बाळाला ऊब हवी, धूर नको. अंग कोरडं करून टोपरं, मोजे, दुपटं आणि आईची कूस याहून चांगली शेगडी नाही. फारच हौस असेल तर धुरी बाळ दुसऱ्या खोलीत असताना करा, खिडक्या उघडा आणि धूर गेल्यावर बाळाला आणा. माझं मत विचाराल तर बंदच करा. डासांना मच्छरदाणी. बंबाच्या धुराची दिशा बघून त्या बाजूची खिडकी सकाळी लावून घ्या. आणि बिडी-सिगारेट गॅलरीत ओढली तरी शर्टाला वास येतो, त्याच शर्टाने बाळाला घेतात. बाबांना आणि आजोबांना हे सुनेपेक्षा नातवंडाच्या नावाने सांगितलेलं जास्त पटतं, हा माझा अनुभव.

आंघोळ घालणाऱ्या बाईंना एक गोष्ट आजच सांगा. नाकात तेल घालायचं नाही. "नाक मोकळं होतं" म्हणून थेंब-थेंब तेल घालतात, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि त्याने होणारा न्यूमोनिया औषधाने सहज हटत नाही. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. कापराचा बाम दोन वर्षांच्या आतल्या मुलाला नको. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडून वाफारा तर मुळीच नको, दर थंडीत त्याने मुलं भाजतात. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. वर्ष उलटलेल्या मुलाला रात्री चमचाभर चालेल, खोकल्याला आराम पडतो. लहानग्याला थोडं थोडं, वरचेवर अंगावर पाजा. सहा महिन्यांपर्यंत दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको.

खोकल्याच्या औषधाची बाटली आपण फार सहज आणतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी भेसळ झालेल्या खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने डॉक्टरांनाच कळवलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आतही सहसा नकोत. तेव्हा "मागच्या वेळची अर्धी बाटली उरलीय" हा हिशेब सोडा. तीच गोष्ट जंतुनाशक औषधाची. साध्या सर्दीला ते लागत नाही, आणि डॉक्टरांनी दिलं तर मूल खेळायला लागलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही.

लशींचं कार्ड काढून बघा बरं. न्यूमोनियाची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. आपल्या राज्यात ती २०२१ पासून सुरू झाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना अशा तिच्या तीन वेळा. पाच रोगांवरची एकत्र लस डांग्या खोकला आणि घटसर्पही अडवते. गोवरची नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत. गोवर अंगावरून गेला असं आपण म्हणतो, पण तो जाताना छातीत न्यूमोनिया ठेवून जातो. माहेरी-सासरी येण्याजाण्यात लशी चुकतात, म्हणून कार्ड सुनेच्या पिशवीतच असू द्या.

आणखी एक खोकला असा असतो की त्याची घराला सवय होते. "आमच्या बंड्याला बारा महिने असतोच." न्यूझीलंडमध्ये सामोआ, टोंगा अशा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून येऊन राहिलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. देश श्रीमंत, पण यांची घरं दाटीची, गार नि ओलसर. तिथे त्यांची मुलं छातीच्या आजाराने इतरांपेक्षा जास्त वेळा दवाखान्यात जातात. तिथल्या डॉक्टरांना कळलं की आईला औषधाची चिठ्ठी देऊन भागत नाही, आजी-आजोबांसकट सगळं कुटुंब बोलवावं लागतं, भिंतीची ओलसुद्धा बघावी लागते. ते सांगतात की ओला, कफाचा खोकला चार आठवड्यांच्या वर टिकला तर त्याला सवय म्हणू नका, तपासा, नाहीतर फुप्फुसाला कायमची इजा होते. आपल्याकडे तर क्षयही आहे, म्हणून दोन आठवड्यांच्या वरचा खोकला मुलाचा असो वा मोठ्याचा, थुंकी तपासून घ्यायची. पाळण्याशेजारी खाट असलेल्या आजोबांचा जुना खोकला आधी. आणि डॉक्टरांनी बाळदमा सांगून पंप दिला, तर "एकदा लागला की सुटत नाही" असं म्हणणाऱ्या शेजारणीकडे दुर्लक्ष करा. पंपाने थोडंसं औषध जिथे हवं तिथेच जातं, म्हणून तो देतात.

थंडी पडली की आपल्या जिल्ह्यात कारखाने सुरू होतात. पाथर्डी-जामखेडकडची, बीडकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्याभोवती कोप्यांत उतरतात. उघड्यावरची थंडी, कोपीतच चूल, आणि पहाटे आई-बाप फडात गेल्यावर तान्ह्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. अशी एखादी बाई तुमच्या दारी पाणी मागायला आली आणि कडेवरचं पोर धापा टाकत असलं, तर पाण्याबरोबर तिला १०८ फिरवून द्या. मावशींचं आमच्यावरचं ते देणं मला असंच थोडंथोडं फेडावंसं वाटतं.

श्रीरामपूरच्या भगिनीचं परवा दुसरं पत्र आलं. या वेळी एकच कागद. तीन आकडे तिने भिंतीवर लावलेत. सासूबाई आधी फुगून बसल्या होत्या. आता रोज रात्री चष्मा लावून नातवाचे श्वास मोजतात, आजारी नसला तरी. परवा रात्री दीड वाजता त्यांनी सुनेला हलवून जागं केलं. हिच्या पोटात धस्स झालं.

"छत्तीस आहेत," त्या म्हणाल्या. "झोप तू."